गाडीत न बसलेली बाई

आमच्या दौऱ्यात माणसांच्या दोनच जाती होत्या, अखंड आणि खंडित. दक्षिणेकडच्या पोर्ट ऑगस्टाला सायकलचं मागचं चाक समुद्रात बुडवून निघायचं, उत्तरेकडच्या डार्विनला पुढचं चाक समुद्रात बुडवून थांबायचं, आणि मधला सगळा देश पायडल मारत काढायचा. जो हे करील तो अखंड. मधला वीतभर रस्ताही ज्यानं गाडीत बसून काढला तो खंडित. ही वर्णव्यवस्था कुणी लिहून ठेवलेली नव्हती. लिहून न ठेवलेल्या गोष्टी पाळण्यात आमची माणसं फार कडक.

खंडित लोक सुखी होते. पहिल्यांदा गाडीत बसताना माणूस पोटदुखी सांगतो, दुसऱ्यांदा गुडघा सांगतो, तिसऱ्यांदा खिडकीजवळची जागा मागतो. संध्याकाळी गार बिअर पहिल्यांदा त्यांच्याच हाती लागे. अखंड मंडळी मागाहून, तोंडावर लाल मातीचा लेप घेऊन येत आणि खाली बसण्यापूर्वी बराच वेळ खुर्चीकडे नुसतं बघत उभी राहत.

ऊडनाडाट्टाच्या वाटेवर आम्ही आलो तोवर अखंड दोघंच उरली होती. एक पॅस्को, ॲडलेडचा दाताचा डॉक्टर. हा माणूस केळ्याचं साल काढतानाही आपण भूल दिली आहे ना याची खात्री करून घेतो असं वाटायचं. दुसरी ग्लेनिस ट्रेगेंझा. साठी उलटलेली, बारीक, सदा उभी. ती बसलेली मी सायकलच्या सीटवर सोडून कुठं पाहिली नव्हती. जेवतानाही ताटली हातात घेऊन शेकोटीभोवती फेऱ्या मारायची.

तिचा नवरा क्लाइव आमच्यातला आद्य खंडित. बँकेत मॅनेजर होता. त्याची सायकल माझ्या गाडीच्या टपावर बांधलेली असे आणि तो माझ्या शेजारच्या सीटवर. मी दौऱ्याची शेवटची गाडी चालवायचो. कामाचे नियम सोपे होते. शेवटच्या सायकलच्या मागे राहायचं. सायकल नसलेल्या माणसाला रस्त्यावर एकटं सोडायचं नाही. सूर्य मावळताना जो रस्त्यावर असेल त्याला उचलायचं, कारण मग कांगारू उड्या मारत रस्त्यावर येतात आणि ट्रेलरवाले ट्रक कांगारू आणि माणूस यांत फरक करत नाहीत.

त्या दिवशी सकाळपासूनच वारा समोरून होता. वारा म्हणजे झुळूक नव्हे. लापशीत चमचा घातला तर लापशी शेजाऱ्याच्या ताटलीत जाईल असा वारा. त्यात माश्या. या मुलखात माश्या वाऱ्यालाही भीत नाहीत, माणसाच्या पाठीआड बसून प्रवास करतात. कुणाचं कुणाशी धड चाललं नव्हतं. आमची म्होरकी डॉट, सगळ्यांच्या पोटाची आणि पाण्याची मालकीण, तीसुद्धा उगाच किटलीवर खेकसली.

"तू आज बस गाडीत," क्लाइव बायकोला म्हणाला. "हा वारा माणसांसाठी नाहीये."

"तू बस," ग्लेनिस म्हणाली. "तुला सवय आहे."

आणि ती निघाली.

दुपारपर्यंत मी तिच्या मागे रांगत होतो. रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा, दोन्ही बाजूंना लाल गोट्यांचं मैदान, झाड म्हणून नाही. पॅस्को आणि बाकीचे केव्हाच पुढं गेले होते. तेवढ्यात वायरलेसवर डॉट बोलली. पॅस्कोच्या सायकलचा मागचा गियर मोडला होता आणि त्याचा सुटा भाग माझ्या पेटीत होता.

"ग्लेनिसकडे पाणी आहे ना? सायकल आहे ना?" डॉट म्हणाली. "मग पळत ये आणि पळत जा."

मी निघालो. ग्लेनिस मघाशीच एका उंचवट्यापलीकडे गेली होती. उंचवटा ओलांडला तर तिची सायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली आणि सीटवर हेल्मेट ठेवलेलं.

आमच्यात सीटवर हेल्मेट याचा अर्थ एकच. मी आडोशाला गेलोय, मान वळवा आणि चालू लागा. आता त्या मैदानात आडोसा कुठला? दूर एक कोरडा ओढा होता, त्याच्या काठाला चार झुडपं. अब्रूदार माणसाला तिथवर चालत जावं लागे. मी मान वळवली. क्लाइवनं, नवरा असूनही, मान वळवली.

पॅस्कोला सुटा भाग देऊन परत येताना समोरून एक जुनी पिकअप आली. चालवणारा म्हातारा, डोक्यावर टोपी, तोंडावर सगळ्या उन्हाळ्यांचा हिशेब. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. एकच. दोन उचलली तर तो माणूस शहरातला. मी बोट उचललं. त्यानं बोट उचललं. त्याच्या मागच्या फळीवर दोन कुत्री होती आणि एक पिंप होतं. माझं लक्ष कुत्र्यांकडे गेलं, कारण एक कुत्रं माझ्याकडे तुच्छतेनं बघत होतं.

ग्लेनिस रस्त्याच्या मधोमध उभी होती. कमरेवर हात.

"सायकल कुठाय?" मी विचारलं.

"ते मी तुला विचारतेय. चेष्टा पुरे झाली, रेग. काढ."

"मी कशाला नेऊ?"

"मग कोणी नेली? पाण्याच्या बाटल्यांसकट?"

मी गाडीतून उतरून तिला आधी पाणी दिलं. ती उभ्यानंच प्यायली.

"एक गाडी थांबली होती," ती म्हणाली. "मला ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज आला. मग त्यानं हाक मारली. कूऽऽई करून. पुन्हा पुन्हा."

"मग ओ का नाही दिलीस?" क्लाइवनं खिडकीतून विचारलं.

या मुलखात कूऽऽईला ओ न देणं म्हणजे काय, हे दुसरीकडच्या माणसाला कळणार नाही. पोर बोलायला शिकण्याआधी ओ द्यायला शिकतं. नवरा-बायकोचं महिनोन्‌महिने बोलणं बंद असलं तरी कूऽऽईला ओ देतात.

"कशी देणार?" ग्लेनिस म्हणाली. "मी बसले होते."

"बसल्या बसल्या द्यायची!"

"अनोळखी माणसाला? काय म्हणू, थांबा हं, आलेच? तो चालत ओढ्याकडं यायला लागला, क्लाइव. मी आणखी खाली वाकले. श्वाससुद्धा घेतला नाही."

क्लाइवनं मान खिडकीतून आत घेतली. माझ्या डोळ्यांपुढं ती पिकअप हळूहळू परत आली. दोन कुत्री. एक पिंप. आणि पिंपाआड एक चाक, त्याला ग्लेनिसनं बांधलेली निळी फीत.

"बरं," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला वाटलं असणार सायकलवाला मेला. तो पुढच्या रोडहाउसकडंच गेला, आणि आपला मुक्काम तिथंच आहे. तू गाडीत बस. इथं दगडाची खूण करू. जाऊ, सायकल घेऊ, परत याच दगडापाशी येऊ. इंचभर कमी होणार नाही."

"नाही."

"अगं, नियमात बसतं हे."

"नियमात बसत असेल. मी नाही बसत."

"ग्लेनिस," क्लाइव म्हणाला, "फक्त जाऊन यायचंय."

झालं. तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की मी वायरलेसची वायर तपासायला लागलो.

"फक्त जाऊन यायचंय," ती म्हणाली. "कडाइनाहून निघताना तू हेच म्हणालास. तात्पुरती बदली आहे, बस, येऊ परत. मी लिंबाचं झाड लावलं होतं. नाराकूर्टला दुसरं लावलं. सेडूनात तिसरं. एकाचंही लिंबू मी तोडलं नाही. दर वेळी सामान भरलं की तू दार उघडून म्हणायचास, बस. आणि मी बसायचे. मला आयुष्यभर कुणीतरी गाडीत घालून नेलंय, क्लाइव. ही एक वाट मला या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या पायांनी न्यायची आहे. मी एकदा बसले ना, तर मला माहीत आहे, मी बसलेलीच राहीन."

वारा सुटलेला होताच. क्लाइवची टोपी उडाली आणि कुणीही तिच्यामागं गेलं नाही.

आता माझी पंचाईत झाली. ती गाडीत बसणार नाही. सायकल नसलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. डॉट एव्हाना मुक्कामाला पोचलेली, मुक्काम खोलगट जागी, वायरलेस तिथवर पोचेना. मी जावं तर नियम मोडतो, थांबावं तर सूर्य मावळतो. अखेर मी क्लाइवकडं पाहिलं. सायकल नसलेला माणूस एकटा नको, दोघं असली तर चालतील, असा नियमाचा अर्थ मी जागच्या जागी लावला. कायदेपंडित यापेक्षा वाईट अर्थ लावून मोठे झालेले आहेत.

"मी?" क्लाइव म्हणाला. "इथं?"

"खुर्ची देतो, छत्री देतो, पाणी देतो."

"या वाऱ्यात छत्री?"

"मग नुसती धर. सोबत होईल."

मी पाण्याचं पिंप उतरवलं, घडीची खुर्ची उतरवली, क्लाइवला उतरवलं. आरशात पाहिलं तर तो खुर्चीत बसला होता, छत्री उलटी झाली होती आणि ग्लेनिस त्याच्याभोवती फेऱ्या मारत होती.

मुक्कामावर पोचलो तेव्हा रोडहाउसच्या खाणावळीबाहेर सुतक होतं. पॅस्कोनं हेल्मेट काढून हातात धरलं होतं. दोन मिनिटं शांतता जेवणाआधी पाळायची की नंतर यावर हलक्या आवाजात चर्चा चालली होती. मधोमध ग्लेनिसची सायकल भिंतीला टेकवलेली, आणि तिच्याशेजारी तो म्हातारा गुडघ्यावर टोपी ठेवून डॉटनं दिलेला चहा घेत होता. त्याचं नाव मर्व्ह. पलीकडच्या कोरड्या तळ्याकाठी गुरं पाळायचा.

"जिवंत आहे," मी म्हणालो. "रागावली आहे."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्यात थोडी निराशा होती असं मला वाटलं, पण तो वाऱ्याचाही आवाज असेल. डॉट पोलिसांना पुन्हा फोन करायला आत पळाली.

"मग ओ का नाही दिली बाईनं?" मर्व्ह म्हणाला. "मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, दोस्ता."

मी त्याच्या कानात सांगितलं. तो मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"अरे देवा. आणि मी शोधत गेलो की त्या बाजूला."

"तिनं पाहिलं ते."

"तिला सांग, मी काही पाहिलं नाही. आईच्यान. नुसती झुडपं पाहिली." थोडा वेळ चहाकडं बघून तो म्हणाला, "हेल्मेट नीट ठेवलं होतं हो सीटवर. मला वाटलं, जाणाऱ्या माणसानं आवरून ठेवलंय."

डॉट बाहेर आली ती घड्याळाकडं बघतच.

"सायकल घेऊन जा," ती मला म्हणाली, "पण आणायचं तिला गाडीतून. आता इथवर यायला तिला तीन तास लागतील आणि उजेड राहिलाय जेमतेम दीड. अंधारात माझं माणूस रस्त्यावर नको."

"ती बसणार नाही."

"का नाही बसणार?"

मी सांगितलं, लिंबासकट. आमची माणसं हळवी आहेत, फक्त ते समितीच्या रूपात दाखवतात. बघता बघता सभा भरली. सूचना अशी आली की ग्लेनिसची आजची अडचण तिच्या चुकीनं झालेली नाही, सबब तिनं उरलेलं अंतर गाडीतून यावं आणि दौऱ्यानं तिला अखंडच मानावं. अनुमोदन लगेच आलं. खंडितांनी हात वर केले. अखंडपणाशी ज्यांचा काडीचा संबंध उरला नव्हता ते सगळे तो वाटायला एका पायावर तयार होते.

"मानद अखंड," कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या.

पॅस्कोचा हात खाली होता.

"काय रे," डॉट म्हणाली, "तुझं पोट दुखतंय का?"

"तसं नाही." त्यानं चष्मा पुसला. "ती गाडीत बसली तर मी एकटा उरतो. मला फार आवडेल ते. रोज रात्री मी हेच मागतो. म्हणून सांगतो, माझं मत मोजू नका. आणि तुमचंही मोजू नका."

"म्हणजे काय?"

"दात पडला की पडला. आपण सगळ्यांनी हात वर करून तो येत नाही."

सभेला हे आवडलं नाही. एकानं त्याला कोरडा म्हटलं, दुसऱ्यानं जळका. ठराव बहुमतानं पास झाला. मी सायकल टपावर क्लाइवच्या सायकलीशेजारी बांधली, ठराव डोक्यात घेतला आणि परत निघालो. मर्व्हनं जाताना खिडकीतून एक पुडकं आत टाकलं. मेंढीचं थंड मटण आणि पाव. "बाईला दे," तो म्हणाला. "आणि माझं नाव सांगू नकोस."

दोघं होती तिथंच होती. फरक इतकाच की आता खुर्ची रिकामी होती आणि क्लाइवही उभा होता. ग्लेनिसनं टपावरची सायकल मी गाठी सोडायच्या आतच ओढून घेतली आणि चाकं फिरवून पाहिली.

"एक निरोप आहे," मी म्हणालो, आणि ठराव सांगितला. शक्य तितका गंभीरपणे सांगितला.

"मानद," ग्लेनिस म्हणाली.

"एकमतानं नाही. पॅस्को विरुद्ध होता."

"पॅस्को शहाणा आहे." ती हेल्मेटचा पट्टा आवळत होती. "क्लाइवला कडाइनाच्या क्लबनं मानद सभासद केलं होतं. निघायच्या दिवशी. नाराकूर्टच्या क्लबनंही. सेडूनात तर पाटी लावली भिंतीवर. ज्याला जायचंच आहे त्याला मानद करतात, रेग. फुकट पडतं."

आणि ती वाऱ्यात घुसली.

मी दिवे लावून तिच्या मागे निघालो. क्लाइव शेजारी. पुढं ग्लेनिस डुलत होती, डावीकडं, उजवीकडं, वाऱ्याच्या प्रत्येक फटक्याला तिची सायकल अंग चोरायची. पायानं चालणारा माणूस तिला गाठू शकला असता, त्याला तशी इच्छा झाली असती तर.

"मी तिला विचारलं," क्लाइव एकदम म्हणाला. "म्हटलं, लिंबाचं एवढं होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस."

"मग?"

"म्हणाली, बोलत होते की. पण गाडी चालू असायची."

मी काही बोललो नाही. गाडी चालू होती.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा मुक्काम अजून लांब होता. मैदानातले गोटे एकेक करून पेटल्यासारखे लाल झाले. पहिला कांगारू रस्त्यावर आला, आमच्याकडं बघितलं आणि न पटल्यासारखा निघून गेला. मी गाडी पुढं काढली, आडवी लावली आणि उतरलो. हे काम मला आवडत नाही, पण पगार त्याचाच होता.

"झालं, ग्लेनिस. सूर्य गेला."

"आणखी थोडं."

"नाही."

ती सायकलवरून उतरली. हँडल सोडलं नाही. तिचा श्वास वाऱ्यापेक्षा मोठा येत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, गाडीच्या उघड्या दाराकडं पाहिलं. नियम माझ्या बाजूनं होता, डॉट माझ्या बाजूनं होती, ठराव माझ्या बाजूनं होता. तिच्या बाजूनं काहीच नव्हतं आणि ते तिला समजलेलं होतं. तिच्या हनुवटीला काहीतरी व्हायला लागलं. तेवढ्यात माझ्यामागं गाडीचं दार आपटलं.

क्लाइव बाहेर येऊन गाडीच्या मागं गेला होता आणि खेचाखेची करत होता.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"वळकट्या काढतोय. कुठल्या आमच्या? हिरव्या ना?"

"क्लाइव, डॉट माझं..."

"अंधारात सायकल चालवायची नाही, हा नियम आहे. बरोबर? झोपायचं नाही असा कुठं आहे?"

मी विचार केला. नव्हता. डॉटला असा नियम करायची कधी गरजच पडली नव्हती.

"पण मग मलाही इथं झोपावं लागेल," मी म्हणालो. "मुक्कामावर आज जेवायला रोस्ट आहे."

"माहीत आहे," क्लाइव दुःखानं म्हणाला. तो रोस्टसाठीच जगणारा माणूस होता.

ग्लेनिस जागची हलली नव्हती.

"तुझी पाठ," ती म्हणाली. "जमिनीवर झोपून तुझी पाठ धरेल."

"धरू दे."

"उद्या कुरकुरशील."

"कुरकुरेन."

आम्ही तीन वळकट्या रस्त्यापासून दूर गाडीच्या आडोशाला टाकल्या. मर्व्हचं मटण निघालं. मी त्याचं नाव सांगितलं नाही, पण कुणी पाठवलं ते ग्लेनिसनं पहिल्या घासालाच ओळखलं आणि ती लाल झाली. गाडीच्या टपावर चढून मी वायरलेस उंच धरला तेव्हा डॉटचा आवाज तुटक तुटक पोचला. ती जे बोलली त्यातले पोचलेले शब्द मी इथं देत नाही. न पोचलेले शब्द त्याहून वाईट असणार. शेवटी ती म्हणाली, उजाडताच निघा, आणि पॅस्को विचारतोय ती बसली का.

"नाही म्हणून सांग," मी म्हणालो.

पलीकडं थोडा वेळ नुसती खरखर. मग डॉट म्हणाली, "त्यानं शिवी दिली. पण बरी दिली."

मी खाली उतरलो तेव्हा पश्चिमेला अजून एक पिवळी पट्टी उरली होती. वारा पडला नव्हता, उद्याही पडणार नव्हता, आकाशाचा रंग तसं सांगत होता. ग्लेनिस वळकटीत शिरली होती, मी तिला पहिल्यांदाच आडवी पाहत होतो. सायकल तिनं हाताच्या अंतरावर झोपवली होती.

वळकटीचं कापड पायाकडं वरखाली होत होतं. एक गुडघा, मग दुसरा.

"झोप गं आता," क्लाइव अंधारात म्हणाला.

"मी झोपलेच आहे," ग्लेनिस म्हणाली. "पाय ऐकत नाहीयेत."

क्लाइव पाठ धरून तिच्याकडं वळला.

"सकाळी किती वाजता निघायचं? तू सांग," तो म्हणाला.

ती विचार करत राहिली. पाय चालूच होते.